महालातले गाणे, मळ्यातली विहीर

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळजण रात्रीच्या ओलिताला जात असतील. लाईट रात्री येते, मोटार सुरू होते, आणि मग आपण एकटे धुऱ्यावर फावडे घेऊन उभे. बॅटरीचा उजेड पडतो तेवढेच दिसते. बाकी सारा अंधार. अशा वेळी माणूस कशाने पाहतो? कानांनी पाहतो. पाटातल्या पाण्याचा आवाज बदलला की कुठेतरी पाट फुटला हे कळते. तुरीत सळसळ झाली, की वारा आहे की रानडुक्कर, हे कान ठरवतात.

पण या कानांची एक खोड आहे. आवाज ऐकू आला आणि तो कशाचा हे कळले नाही, तर उरलेले चित्र मन आपल्या पदरचे काढते. आणि मनाने काढलेले चित्र नेहमी प्रत्यक्षापेक्षा भयंकर असते. टिटवी ओरडली तरी छातीत धस्स होते ते त्यामुळे.

आता तुम्ही म्हणाल, हा विस्तार अधिकारी आज घाटेअळी सोडून हे काय घेऊन बसला? खरे आहे. माझी सारी नोकरी बुलडाणा जिल्ह्यातल्या वावरांतून हिंडण्यात गेली. लिहिले ते बीजप्रक्रिया, बोंडअळी आणि माती परीक्षणावरच. पण गेल्या महिन्यात घरी मोबाईलवर एक जुना हिंदी चित्रपट सौभाग्यवतींबरोबर पुन्हा पाहिला, आणि त्यातल्या एका गाण्याने मला थेट आमच्या जुन्या विहिरीवर नेऊन सोडले. ती गोष्ट सांगितल्यावाचून चैन पडेना, म्हणून आज अळीला सुटी.

चित्रपटाचे नाव ‘महल’. साल १९४९. मुंबईला मालाड येथे बॉम्बे टॉकीज नावाची नामांकित चित्रसंस्था होती, तिचे हे चित्र. दिग्दर्शक कमाल अमरोही. त्यांचा दिग्दर्शनातला हा पहिलाच प्रयत्न. नायक अशोककुमार आणि नायिका मधुबाला. मधुबालेचे वय त्या वेळी अवघे सोळा वर्षांचे. संगीत खेमचंद प्रकाश यांचे. पुढच्याच वर्षी, १९५० साली, ते वारले. आपल्या गाण्याने केवढी मजल मारली हे त्यांना पुरते पाहायला मिळाले नाही.

कथा अशी. नदीकाठी एक जुनी, ओसाड पडलेली हवेली. ती विकत घेणाऱ्या घरातला तरुण वादळी रात्री तिथे मुक्कामाला येतो. म्हातारा माळी कंदील घेऊन त्याला हवेलीची कहाणी सांगतो. एका माणसाने ही हवेली आपल्या कामिनीसाठी बांधली. तो रोज रात्री नावेतून तिच्याकडे येई. एका रात्री तुफानात नाव बुडाली. मरता मरता त्याने तिला पुन्हा येईन असे वचन दिले. वाट पाहून पाहून तीही गेली. माळी निघून जातो. तरुणाची नजर भिंतीवरच्या तसबिरीकडे जाते, तर तो जुना मालक हुबेहूब त्याच्यासारखा! तेवढ्यात घड्याळात दोनचे ठोके पडतात. आणि कुठूनतरी एका बाईच्या गाण्याचा आवाज येऊ लागतो.

ते गाणे तुमच्यापैकी ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांनी नक्की ऐकले असेल. येणारा येणार आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण ते सुरू कसे होते ते ध्यान देऊन ऐका. पहिल्या ओळींना ताल नाही. वाद्ये अगदी थोडी. आवाज लांबून येतो, जणू हवेलीच्या पलीकडच्या दालनातून, आणि हळूहळू जवळ येत जातो. ताल नसला की पाऊल कुठे टाकावे हे ऐकणाऱ्याला कळत नाही. श्वास अडकल्यासारखा होतो. मग एकाएकी ताल सुरू होतो आणि वाटते, आता ती चालायला लागली. नायक त्या आवाजामागे दालनामागून दालने तुडवतो. ती झुल्यावर दिसते, जवळ जावे तर नाहीशी होते.

हा लांबून जवळ येणारा आवाज कसा साधला असेल? त्या काळी आजच्यासारखी यंत्रे नव्हती. ही हकिकत लता मंगेशकरांनी स्वतःच पुढे मुलाखतींतून सांगितली आहे. मोठ्या दालनाच्या मध्यभागी ध्वनिग्राहक ठेवला. लताबाईंना दूर कोपऱ्यात उभे केले. त्यांनी गात गात एक एक पाऊल टाकीत यायचे, आणि सुरुवातीच्या ओळी संपायला अन् ध्वनिग्राहकाशी पोचायला एकच गाठ पडली पाहिजे. तिथून मूळ गाणे सुरू. ते जमेपर्यंत पुन्हा पुन्हा कोपऱ्यात जाऊन पहिल्यापासून चालायचे.

ही मुलगी त्या वेळी वीस वर्षांची. १९४२ साली वडील मास्टर दीनानाथ गेले तेव्हा ती तेरा वर्षांचीही पुरी नव्हती. धाकट्या भावंडांचा संसार तिच्या गळ्यावर चाललेला. आणि तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव काय छापले? कामिनी! म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे. तेव्हा तशी पद्धत होती. गाणे आकाशवाणीवर लागले तशी श्रोत्यांकडून विचारणा सुरू झाली, ही गाते कोण? मग रेडिओने तबकडी काढणाऱ्या कंपनीला विचारून नाव जाहीर केले. आवाज साऱ्यांनी ऐकला होता, पण त्या आवाजामागे एक चालतीबोलती, घरासाठी राबणारी मुलगी आहे हे कुणी तरी विचारले तेव्हाच कळले.

वाचकहो, एवढी गोष्ट लक्षात ठेवा. आता मी तुम्हाला आमच्या गावी नेतो.

आमचे गाव चिखली तालुक्यातले. मी तेव्हा सहावीत असेन. आमचे वावर गावापासून अर्ध्या कोसावर, नाल्याच्या पलीकडे. हिवाळ्यात गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे, आणि लाईट मिळायची ती रात्रीची. बाबा जेवण करून जात, ते लाईट गेली की परत येत. कधी एक वाजायचा, कधी दोन. घरात घड्याळ नव्हते. बाबा कुठवर आले हे आम्हाला त्यांच्या गाण्यावरून कळे. बाबा भजनी मंडळात होते, आवाज खणखणीत. पांदणीला लागले की ते अभंग सुरू करीत. आधी नुसती गुणगुण ऐकू येई. नाला ओलांडला की शब्द कळू लागत. मारुतीच्या पारापाशी आले की माय उठून चुलीतला विस्तव उकरी. पाणी गरम व्हायला आणि बाबा दारात यायला एकच गाठ पडे. लताबाई कोपऱ्यातून ध्वनिग्राहकापर्यंत कशा चालत आल्या असतील हे मला कुणी समजावून सांगावे लागले नाही ते यामुळे. आमच्या घरी ते रोजचेच होते.

बाबा गात ते भक्तीने हे खरे, पण त्यात थोडी भीतीही होती. नाल्याच्या काठी दुसऱ्याच्या वावरात एक जुनी विहीर होती. फार वर्षांपूर्वी कुण्या बाईने तिथे जीव दिला होता, आणि आता रात्री तिथे बाई रडते असे सारे गाव सांगे. आमच्या आजीने तर तिचे लुगडे कोणत्या रंगाचे तेही सांगितले होते. सालदार माणसे संध्याकाळनंतर तिकडून यायला राजी नसत. बाबांना तर रोज त्याच वाटेने यावे लागे. विहीर जवळ आली की ते मुद्दाम वरच्या पट्टीत गात.

त्या रात्री आम्ही पडल्या पडल्या ऐकत होतो. गुणगुण आली. हळूहळू आवाज वाढला. नाल्यापाशी आला. आणि मधेच तुटला.

कडवे संपून थांबला असे नाही. ओळीच्या मध्यावर तुटला.

माय उठून बसली. आम्ही वाट पाहिली, की आता पुढची ओळ येईल. नाही आली. आजीने पांघरुणातून रामनाम सुरू केले. थोरला भाऊ काठी शोधू लागला तेव्हा माय म्हणाली, “थांब. आयकू दे.” तिने कंदिलाची वात वाढवली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. मी तिच्या लुगड्याला धरून मागे. कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला तो आजपर्यंतच्या आयुष्यातला सर्वांत लांब वेळ वाटतो.

मग पांदणीवरून वहाणांचा आवाज आला. बाबांच्या वहाणेची टाच फाटलेली होती, तिचा फटफट आवाज आम्ही ओळखत होतो. माझा जीव भांड्यात पडला. पण त्या आवाजाबरोबर दुसराही एक आवाज होता. अनवाणी पावलांचा, आणि मधून मधून दगडाला जोडवी लागल्यावर होतो तसा बारीक टिक् टिक्.

आजी आतून किंचाळली, “आला नं तो तिले घेऊन!”

कंदिलाच्या उजेडात आधी बाबा दिसले. त्यांच्यामागे त्यांची घोंगडी पांघरून एक बाई. ती आमच्याच गल्लीतली एका घरची सून होती. लग्नाला तीन वर्षे झालेली. डोळे सुजलेले, केस सुटलेले. मायने एक शब्द विचारला नाही. हात धरून तिला आत नेले, चुलीपुढे बसवले, गुळाचा चहा केला आणि रात्री आपल्याजवळ घेऊन निजली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आजीला सांगितले ते मी ऐकले. “रोज मी तिथून गात येतो, तं मले माह्याच आवाजाशिवाय काही आयकू येत नाही. काल ठसका लागला म्हून थांबलो. तवा रडणं आयकू आलं. पयले तं पायच लटलट कापाले लागले. मंग तिनं नाक ओढलं. म्या म्हटलं, भुताले कायचं आलं पडसं! हे जितं मानूस हाय.” बाबांनी लांबूनच हाक मारली, “कोन व बाई? भिऊ नको, मी हावो.” ती विहिरीच्या काठावर बसली होती. पाय आत सोडलेले.

घरात तिचा छळ चालला होता हे गल्लीत साऱ्यांना ठाऊक होते आणि कुणीच बोलत नव्हते. ती त्या काठावर पहिल्यांदा बसली नव्हती. आधी कितीतरी रात्री येऊन, रडून, परत गेली होती. त्या हिवाळ्यात ज्यांनी ज्यांनी विहिरीवर रडणे ऐकले आणि पळत घरी येऊन अंगारा लावला, त्यांनी ऐकले ते तिचेच. बाबांना एकच गोष्ट लागून राहिली. “कितीक राती मी तिच्या पाशून गात निंघून गेलो आसन,” असे ते पुढे अनेकदा म्हणत.

पुढचे थोडक्यात सांगतो. बाबा आणि गावातली दोन वडीलधारी माणसे तिच्या सासरी जाऊन बसली. तिच्या भावाला निरोप गेला. ती वर्षभर माहेरी राहिली, मग नवरा-बायको वेगळे निघाले आणि संसार नीट लागला. तिची ओळख पटेल असे मी काही लिहीत नाही. ती आज आहे, नातवंडांत आहे, आणि अजून हरभऱ्याच्या दिवसांत मी गावी गेलो की खुडलेल्या भाजीचे गाठोडे आमच्या घरी येते. त्या रात्रीबद्दल ती कधी बोलली नाही आणि आम्ही कधी विचारले नाही.

पुढे मी अकोल्याला कृषी विद्यापीठात बी. एस्सी. करीत असताना वसतिगृहाच्या दूरदर्शन संचावर ‘महल’ पहिल्यांदा पाहिला. आता एक रहस्य फोडतो, त्याबद्दल ज्यांनी चित्र पाहिले नाही त्यांनी क्षमा करावी. पाऊणशे वर्षे झाली, तेवढी मोकळीक घेतो. हवेलीत गाणारी ती बाई भूत नसते. ती त्या म्हाताऱ्या माळ्याची मुलगी असते. बापाच्या तोंडून कामिनीची कहाणी ऐकत ऐकत मोठी झालेली, आणि त्या कहाणीतच जगू लागलेली. हे उघड झाले तेव्हा वसतिगृहातली पोरे हिरमुसली. भुताची गोष्ट म्हणून बसलो आणि निघाली माळ्याची पोर! माझ्या अंगावर मात्र तेव्हाच काटा आला. मला कंदिलाच्या उजेडातली ती घोंगडी दिसली.

विचार करा. माळ्याची मुलगी दिवसा त्याच बागेत पाणी घालताना दिसली असती, तर त्या साहेबाने तिच्याकडे वळून तरी पाहिले असते काय? रात्री भूत होऊन गायली तेव्हा तो सारे घरदार सोडून तिच्या मागे धावला. आमच्या गावचेही तसेच. दिवसा नळावर रडवेल्या तोंडाने उभी असलेली सून कुणाला दिसली नाही. रात्री विहिरीवरची बाई मात्र साऱ्या गावाला ऐकू आली.

चित्रपटात सारेच चांगले आहे असे नाही. मध्यानंतर गोष्ट रेंगाळते, कोर्टातला भाग लांबला आहे, आणि उर्दू संवाद आपल्याकडच्या माणसाला जड जातात. पुनर्जन्माचा घोळही पुष्कळ घातला आहे. शेवट काय होतो ते मी सांगत नाही, तेवढे तुमच्यासाठी राखून ठेवतो. पण गाणे लागले की या साऱ्याचा विसर पडतो. पुढे रहस्यपटांची रांग लागली. १९६२ साली ‘बीस साल बाद’ आला, १९६४ साली ‘वह कौन थी’ आला, आणि आपल्या मराठीत १९७६ साली वसंत जोगळेकरांनी ‘हा खेळ सावल्यांचा’ काढला. त्याला संगीत लताबाईंच्याच भावाचे, हृदयनाथ मंगेशकरांचे. अंधारातून गाणे ऐकू येते आणि माणूस त्यामागे ओढला जातो, ही वाट ‘महल’ने घालून दिली.

या वेळी सौभाग्यवतींनी एक प्रश्न केला त्याने मी निरुत्तर झालो. चित्रपटात नायकाचे लग्न होते. पण मन त्या आवाजात अडकलेले. तो बायकोला दूर आडरानातल्या पडक्या घरात नेऊन ठेवतो आणि तिच्याकडे धड पाहतही नाही. शेवटी ती बिचारी विष घेते. चित्र संपल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “त्या गाणाऱ्या बाईच्या मागे एवढा धावला. घरातली कण्हत होती, ती काऊन नाही आयकू आली याले?”

मी काय उत्तर देणार? बाबांच्या ठसक्याची गोष्ट मी तिला पुन्हा सांगितली.

आता शेवटी सवयीप्रमाणे एक सल्ला. हल्ली रात्रीच्या ओलिताला जाणारी तरुण मुले कानात इअरफोन खोचून जातात. गाणी ऐकावीत, त्याला माझी ना नाही. एकटेपणा जातो, भीती जाते, हे मी बाबांकडे पाहून जाणतो. पण दोन्ही कान बंद करून वावरात उभे राहू नका. फुटलेला पाट ऐकू येणार नाही, मोटारीचा बदललेला आवाज ऐकू येणार नाही, पालापाचोळ्यातली सळसळ ऐकू येणार नाही. पायात बूट, हातात बॅटरी आणि कान मोकळे, एवढे पथ्य पाळा. आणि विहिरीकडून, गोठ्याकडून किंवा शेजारच्या भिंतीपलीकडून रडणे कानी आले, तर अंगारा लावू नका. कंदील घ्या, दोन माणसे बरोबर घ्या, आणि लांबूनच हाक मारा. बहुतेक वेळा ते माणूसच असते.

बाबांचे गाणे त्या रात्रीनंतर बंद झाले नाही. मात्र नाल्यापाशी आले की ते थांबत. दोन-चार श्वासांएवढा वेळ काहीच ऐकू येत नसे. आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या ती शांतता ऐकत असू. बाबा कान देऊन उभे आहेत हे आम्हाला ठाऊक होते. मग पुढची ओळ येई, आणि माय विस्तव उकरायला उठे.